वर्गात बसणाऱ्यांना विचारायला हवे होते

३१ जानेवारी २०२२ रोजी धारावीत, तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराजवळ, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा मोठा जमाव जमला. कोरोनाच्या साथीमुळे वर्षभर ऑनलाइन शिकवून परीक्षा मात्र केंद्रावर बसून का घेता, ती ऑनलाइन तरी घ्या किंवा रद्द तरी करा, अशी त्यांची मागणी होती. त्याच दिवशी नागपुरात आणि राज्यात अन्यत्रही विद्यार्थी रस्त्यावर आले. धारावीत पोलिसांनी लाठीमार करून जमाव पांगवला आणि दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर ‘हिंदुस्थानी भाऊ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीला विद्यार्थ्यांना चिथावल्याच्या आरोपावरून अटक झाली. तिथून पुढे वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि आम्हा शिक्षकांच्या खोल्यांतही चर्चा झाली ती मुलांना फूस कोणी लावली याचीच. मुले काय विचारत होती, हे दोन दिवसांत मागे पडले.

मी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी दहावीची एक तुकडी माझ्याकडे होती. माझ्या वर्गातले कोणी धारावीला गेले होते की नाही, हे मी विचारले नाही आणि कोणी आपणहून सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगा माझ्या टेबलाजवळ येऊन थांबला. त्याच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे, त्यात दम्याचा त्रास असलेली आजी. त्याने विचारले, “बाई, केंद्र दुसऱ्या शाळेत आलं, तर तिथल्या खिडक्या उघडतात का, हे कोण बघणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला अभ्यासाकडे लक्ष दे असे सांगितले, आणि ते सांगताना आपण त्याच्या प्रश्नाला बगल देत आहोत हे मला कळत होते.

ज्या दिवशी ही मुले रस्त्यावर आली, त्या दिवसाचा एक हिशेब फारसा कोणी मांडला नाही. १५ ते १८ वर्षे वयाच्या मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले होते. त्यांना दिल्या जाणाऱ्या कोव्हॅक्सिनच्या दोन मात्रांमध्ये २८ दिवसांचे अंतर होते. म्हणजे अगदी पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलालाही दुसरी मात्रा ३१ जानेवारीच्या आधी मिळणे शक्य नव्हते. मुंबईत ७ जानेवारीला एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले होते; महिनाअखेरीस लाट ओसरली होती हे खरे, परंतु त्या तीन आठवड्यांत या मुलांनी शेजारपाजारी आणि स्वतःच्या घरात आजार पाहिला होता. त्यांची भीती अतिशयोक्त होती असे म्हणता येईल. ती मुळातच खोटी होती असे मात्र म्हणता येणार नाही.

परीक्षा रद्द करा ही त्यांची मागणी मला मान्य नव्हती आणि आजही नाही. आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षा रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर लावलेला निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या निकालपत्रकाने कोणाचे भले झाले, हे अकरावीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कोणालाही विचारावे. अकरावीच्या प्रवेशासाठी घ्यावयाची सामायिक परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्दबातल ठरवली, तेव्हा याच ९९.९५ टक्क्यांच्या आधाराने प्रवेश द्यावे लागले. म्हणून २०२२ ची परीक्षा केंद्रावर व्हायला हवी होती, आणि ती झाली हे योग्यच झाले. परंतु ती कोणत्या अटींवर व्हावी, हे ठरवताना परीक्षेला बसणाऱ्यांना काही विचारावे, असे कोणालाही वाटले नाही. माझा वाद आहे तो एवढ्याच गोष्टीशी. पण ही गोष्ट लहान नाही.

मंडळाने फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात जे सांगितले ते आठवून पाहावे. शक्यतो आपापल्या शाळेतच केंद्र किंवा उपकेंद्र, मोठ्या गुणांच्या लेखी परीक्षेला अर्धा तास जादा, आणि पंचवीस टक्क्यांनी कमी केलेल्या अभ्यासक्रमावरच प्रश्न. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात होते. परीक्षा आपल्याच शाळेत असेल तर कोणत्या वर्गाची कोणती खिडकी उघडते, हे त्याला माहीत होते. हेच सारे जानेवारीच्या सुरुवातीला, प्रत्येक शाळेत मुलांना आणि पालकांना समोर बसवून, त्यांच्या शंका ऐकून घेऊन सांगितले असते, तर धारावीत किती मुले गेली असती? चिथावणी देणारा माणूस पोकळीत आवाज देतो. ती पोकळी आपण निर्माण केली होती.

त्याच जानेवारीत जगात इतरत्र काय चालले होते, ते पाहिले म्हणजे आपल्याकडे नेमके काय नव्हते हे लक्षात येते. अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांत तेव्हा सुमारे ३ लाख ३० हजार विद्यार्थी होते. ४ जानेवारी २०२२ च्या रात्री तिथल्या शिक्षक संघटनेने मतदान घेतले आणि ७३ टक्के मतांनी ठरवले, की पुरेशी काळजी घेतली जाईपर्यंत आम्ही वर्गात न येता घरून शिकवू. महापौर लोरी लाइटफूट यांनी हे काम थांबवणे बेकायदा असल्याचे म्हटले आणि प्रशासनाने वर्गच रद्द केले. शाळेचे पाच दिवस बुडाले. वाटाघाटींतून जे निघाले ते असे : चांगल्या प्रतीचे मास्क, अधिक चाचण्या, रुग्णांच्या संपर्कातल्यांचा शोध घेणाऱ्या शालेय पथकांना मोबदला, आणि एखाद्या शाळेत किती शिक्षक-विद्यार्थी गैरहजर झाले म्हणजे ती शाळा तात्पुरती ऑनलाइन न्यायची याचा ठरलेला आकडा. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सबंध शहराच्या शाळा एका आदेशाने बंद आणि एका आदेशाने सुरू करण्याऐवजी, ज्या शाळेत आजार आहे तिचा विचार त्या शाळेपुरता करण्याची ती सोय होती.

पण शिकागोची गोष्ट इथे संपत नाही. करार झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जानेवारीला, तिथले विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर आले. शहर आणि शिक्षक यांनी आपसात ठरवले, आम्हाला कोणी विचारले नाही, ही त्यांची तक्रार होती. त्याच आठवड्यात ११ जानेवारीला न्यूयॉर्कमधल्या अनेक शाळांचे विद्यार्थीही वर्गाबाहेर पडले होते. फ्रान्समध्ये १३ जानेवारीला शिक्षकांचा मोठा संप झाला. प्राथमिक शिक्षकांपैकी तीन चतुर्थांश संपावर असल्याचे संघटना म्हणत होत्या, मंत्रालयाचा आकडा चाळीस टक्क्यांच्या आतला होता. त्यांचा राग शाळा सुरू ठेवण्यावर नव्हताच. सत्र सुरू होऊन दहा दिवस झाले नव्हते तोच नियमावली तीनदा बदलली होती, आणि ते बदल राबवणाऱ्या शिक्षकांना ते आयत्या वेळी कळत होते, यावर तो राग होता. संपाच्या दिवशी संध्याकाळी सरकारने पन्नास लाख चांगले मास्क देण्याचे मान्य केले.

शिकागो, न्यूयॉर्क, पॅरिस आणि धारावी यांच्या परिस्थितीत फार अंतर आहे. तिथल्या संघटनांची ताकद आपल्याकडे नाही, आणि शाळा बंद ठेवण्याचा आपला काळ तर त्यांच्याहून कितीतरी मोठा होता. तरीही चारही ठिकाणी मूळ तक्रार एकच दिसते, की आमच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे ते आम्हाला न विचारता ठरवले जात आहे. तिथे निदान मास्क, चाचणी, गैरहजेरीचा आकडा अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर भांडण झाले. आपल्याकडे ते कधी झालेच नाही. आपल्याकडे सुरक्षितता म्हणजे शाळा बंद, आणि शाळा सुरू म्हणजे धोका पत्करणे, अशी सरळ फाळणी झाली. त्या दोहोंच्या मधले सगळे काम, म्हणजे खिडकी, पंखा, नळ, शौचालय, शिपाई, लोकलमधली गर्दी, तुकडीतली पटसंख्या, कोणाच्याच वाट्याला आले नाही.

मधले हे काम कसे असते, ते मी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाहिले. त्या दिवशी मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळानंतर सुरू झाले. फाटकाशी थर्मल गन घेऊन मी उभी होते. सॅनिटायझरची बाटली पळवली जाऊ नये म्हणून सुतळीने खांबाला बांधली होती. मुले पालकांची संमतीपत्रे हातात धरून येत होती. काहींची उंची इतकी वाढली होती, की मास्कमागचा चेहरा ओळखता येईना; सहावीत शेवटचे पाहिलेले मूल एकदम आठवीत समोर आले होते. एका बाकावर एकच विद्यार्थी बसवायचा होता, म्हणून अर्धी तुकडी एक दिवस आणि उरलेली दुसऱ्या दिवशी.

आठवीच्या त्या वर्गाला रस्त्याच्या बाजूने चार खिडक्या आहेत. वर्षानुवर्षे दर रंगकामाला तावदानांवरून ऑइलपेंटचा हात फिरवलेला, त्यामुळे तीन खिडक्या चौकटीला चिकटून बसलेल्या. आमच्या शिपाईमामांनी स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी आणली आणि पहिल्या तासाला मुले बसलेली असतानाच रंगाचे पापुद्रे खरवडत खिडकी मोकळी करायला घेतली. एक उघडली. दुसरीचे तावदान तडकले. तिसरी त्यांनी सोडून दिली. शासनाने पाठवलेल्या सूचना माझ्या टेबलावर होत्या. त्यात हात किती वेळा धुवायचे ते होते, बाकांमधले अंतर होते, रोजचे तापमान नोंदवण्याचा तक्ता होता. हवा खेळती ठेवा, असेही होते. परंतु खिडकी उघडत नसेल तर काय करायचे, सुतार कोणी बोलवायचा आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, हे कुठेही नव्हते.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला याचे अधिक वाईट वाटले. आपण बाहेर सोडतो त्या श्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो ०.०४ टक्क्याच्या आसपास असतो. बंद खोलीत माणसे बसली की त्याचे प्रमाण चढत जाते. ते किती चढले, यावरून एकमेकांनी सोडलेला श्वास आपण किती प्रमाणात पुन्हा आत घेत आहोत, याचा अंदाज बांधता येतो. हा विषाणू हवेतून पसरू शकतो, हे मान्य करायला जागतिक आरोग्य संघटनेलाही वेळ लागला. मार्च २०२० मध्ये तिने याच्या नेमके उलट ठासून सांगितले होते. पण २०२१ च्या मध्यापर्यंत तो मुद्दा निकालात निघाला होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या सरकारने शाळांना कार्बन डायऑक्साइड मोजणारी तीन लाख यंत्रे देण्याचे जाहीर केले. आपल्याकडे ऑक्टोबरमध्येही आम्ही बाके पुसत होतो. मुंबईची हवा उबदार, बहुतेक शाळांना वातानुकूलन नाही, खिडक्या बारा महिने उघड्या ठेवता येतात. यंत्र नसते तरी चालले असते. प्रत्येक वर्गाच्या किती खिडक्या उघडतात याची यादी आणि सुताराचे बिल भागवण्याची सोय, एवढ्यावर बरेच काही साधले असते. ही यादी करायला तज्ज्ञ लागत नाही. ती त्या वर्गात बसणारा आठवीतला मुलगा करू शकतो, आणि त्याच्याइतकी अचूक दुसरे कोणीच करू शकत नाही.

आता शिक्षकांच्या आंदोलनांविषयी. मुंबईतल्या शिक्षकांपैकी फार मोठा भाग मुंबईत राहत नाही. विरार, पालघर, कल्याण, कर्जत, पनवेल इथून रोज लोकलने येणाऱ्या शिक्षकांवर या शहराच्या शाळा चालतात. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या; १५ जूनला त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, तेव्हा त्या यादीत शिक्षक नव्हते. शाळेत हजर राहा असा निरोप मात्र येत होता. शिक्षकांना लोकलची मुभा मिळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत लोकल पुन्हा सर्वसामान्यांना बंद झाली आणि दहावीचा निकाल शाळेत बसून तयार करायचा असताना शिक्षक पुन्हा परवानगीसाठी निवेदने देत फिरू लागले. शाळेची सुरक्षितता शाळेच्या फाटकापासून सुरू होत नाही, ती विरारच्या फलाटापासून सुरू होते, हे शिक्षक संघटना सांगत राहिल्या, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते.

नोव्हेंबर २०२० मधला घोळ तर विसरता येण्यासारखा नाही. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे राज्याने ठरवले आणि त्याआधी शिक्षकांना आरटी-पीसीआर चाचणी सक्तीची केली. शिक्षक चाचणी केंद्रांवर रांगा लावून उभे राहिले. कोणाचा अहवाल आला, कोणाचा आला नाही. २० नोव्हेंबरला मुंबई महापालिकेने शहरातल्या शाळा बंदच राहतील असे जाहीर केले. तो निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. पण तीन दिवस आधीपर्यंत राज्य एक सांगते आणि महापालिका दुसरे ठरवते, अशा वेळी मुख्याध्यापकांनी मुलांना आणि पालकांना काय सांगावे? आमच्या मुख्याध्यापिकांनी त्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तीन वेगवेगळे निरोप पाठवले आणि तिसऱ्यानंतर एका पालकाने लिहिले, “बाई, तुम्हीच सांगा, आम्ही कोणाचं ऐकायचं?”

त्या काळात शिक्षकांनी शाळेबाहेरही काम केले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण याखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. महासाथ ही आपत्तीच असल्याने रेशन वाटपापासून घरोघरच्या सर्वेक्षणापर्यंत बरेच काही त्यांच्याकडे आले. महापालिकेच्या अनेक शाळांच्या इमारती विलगीकरण केंद्रे झाल्या. कर्तव्यावर मृत्यू आल्यास कुटुंबाला ५० लाख रुपये देण्याची तरतूद झाली. परंतु लसीकरणात शिक्षकांना आघाडीवरचे कर्मचारी मानून पहिल्या फळीत घेतले गेले नाही. सगळ्या शिक्षकांचे लसीकरण ५ सप्टेंबरपूर्वी, म्हणजे शिक्षक दिनापूर्वी, व्हावे म्हणून केंद्राने राज्यांना दोन कोटी जादा मात्रा देण्याचे जाहीर केले, ते २०२१ च्या ऑगस्टअखेरीस. दुसरी लाट तोवर येऊन गेली होती.

आणखी एक गोष्ट, जिची आठवण फार थोड्यांना आहे. ११ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे शाळा पुन्हा सुरू करण्याची चर्चा ऐन रंगात असताना, राज्य सरकारने अनुदानित शाळांमधली शिपायांची पदे, ती रिक्त होत जातील तशी, रद्द करून त्याऐवजी ठरावीक मासिक भत्ता देण्याचा निर्णय काढला. मुंबईतल्या शाळांसाठी हा भत्ता दहा हजार रुपये. ज्या दिवसांत शौचालय दिवसातून तीनदा धुतले जावे असे आपण मुलांना सांगत होतो, त्याच दिवसांत ते धुणाऱ्या माणसाची कायमची नोकरी संपवण्याचे ठरले. याविरुद्ध शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि संस्थाचालक एकत्र आले, निषेध झाला. पण हा शाळेच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे असे कोणी मानले नाही, तो नोकऱ्यांचा प्रश्न म्हणून बाजूला पडला. आमच्या शिपाईमामांनी त्या दिवशी खिडकी उघडली म्हणून ती उघडली. ते निवृत्त झाले की त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस येणार नाही.

इतके लिहिल्यावर माझ्या सहकाऱ्यांना न आवडणारी एक गोष्टही लिहिली पाहिजे. आम्ही शिक्षकांनी लोकल मागितली, लस मागितली, विमा मागितला, घरून काम मागितले. हे सगळे रास्त होते. पण मुलांच्या वतीने आम्ही फार थोडे मागितले. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाले, म्हणजे जवळजवळ २१ महिन्यांनी, आणि जानेवारीच्या सुरुवातीला ते पुन्हा बंद होऊन २४ तारखेला उघडले. पहिलीत नाव घातलेले मूल शाळेचा वर्ग न पाहता तिसरीत जाण्याच्या बेतात होते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, एका मोबाइलवर तीन भावंडांनी वाटून घेतलेली ती शाळा होती. एप्रिल ते जून २०२१ दरम्यान महापालिकेने केलेल्या लहान मुलांच्या रक्तचाचण्यांमध्ये ५१.१८ टक्के मुलांत प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे शाळा बंद असतानाही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग गाठून गेला होता. वस्तीतले मूल घरी बसले म्हणजे सुरक्षित राहिले, हा समज या एका आकड्याने खोटा ठरतो. तरीही उघडण्याची मागणी करणारा आवाज मुख्यतः बालरोगतज्ज्ञांचा आणि काही पालकांचा राहिला. खिडक्या दुरुस्त करा, तुकड्या लहान करा, आणि मग शाळा लवकर उघडा, असे म्हणत शिक्षकांचा एखादा मोर्चा आझाद मैदानावर गेल्याचे मला आठवत नाही. मी स्वतःही तसे कुठे म्हटले नाही.

इथे कायद्याची बाजू पाहणे भाग आहे, कारण ऐकून घेण्याची जागा कायद्याने दिली नसेल तर लोकांनी ती रस्त्यावर शोधली याचे नवल वाटायला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. तिथे २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाला स्थान दिले, पण ते शुल्क ठरवण्यापुरते. शिवाय शिक्षण हक्क कायदाच मुळी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंतचा. महाविद्यालयांतल्या विद्यार्थी निवडणुका १९९० च्या दशकात थांबल्या, आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, तरी २०२२ पर्यंत त्या झाल्या नव्हत्या. शिक्षकांना निदान विधान परिषदेत सात मतदारसंघ आहेत. धारावीत जमलेली मुले होती पंधरा ते अठरा वयाची. शिक्षण हक्क कायदा जिथे संपतो आणि मतदानाचा हक्क जिथे सुरू होतो, त्या दोहोंच्या नेमक्या मधली. कोणत्याही समितीत, परिषदेत, मतदार यादीत त्यांचे नाव नव्हते. आपल्या जीवनाशी संबंधित बाबींत मुलांचे मत ऐकले गेले पाहिजे, असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारलेली आहे. ते मत त्यांनी नोंदवायचे तरी कुठे?

यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला असा, की साथरोगाविषयी मुलांना काय कळते, ते तज्ज्ञांनी ठरवावे. विषाणूचा स्वभाव तज्ज्ञांनीच सांगावा, यात वाद नाही. पण मधल्या सुट्टीत मुलींच्या शौचालयाबाहेर किती मोठी रांग लागते, नळाला पाणी कितव्या तासापर्यंत असते, दुपारचे सत्र सुरू होताना सकाळच्या सत्राची मुले जिन्यात कशी अडकतात, हे कोणत्या तज्ज्ञाला माहीत असते? मुंबईतल्या किती शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत चालतात हे ध्यानात घेतले, तर नियमावलीतले सहा फुटांचे अंतर त्या जिन्यावर कसे कोसळत होते ते समजेल. दुसरा आक्षेप असा, की असे विचारत बसलो तर प्रत्येक मूल परीक्षा नकोच म्हणेल. माझा अनुभव वेगळा आहे. रस्त्यावरच्या घोषणेत माणूस सर्वांत मोठी मागणी करतो, कारण तिथे लहान मागणी ऐकू जात नाही. समोर बसवून विचारले तर तोच मुलगा खिडकीविषयी विचारतो.

या सगळ्याला आता काही वर्षे लोटली. मग जुने उकरून का काढायचे, असे कोणी म्हणेल. मला ते जुने वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचारानंतर संतापलेल्या पालकांनी आणि नागरिकांनी कित्येक तास रेल्वे रोखून धरली, आणि त्यानंतर दुसऱ्याच दिवशी शाळांमधल्या सुरक्षिततेविषयी, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांविषयी आणि समित्यांविषयी शासन निर्णय निघाला. संकट वेगळे होते, क्रम मात्र तोच होता. आधी रूळ, मग निर्णय. साथ पुन्हा येईल तेव्हा ती कोणत्या महिन्यात येईल हे सांगता येत नाही. त्या वेळी नव्याने समिती नेमायला सवड नसेल, हे नक्की सांगता येते. म्हणून आठवीच्या पुढच्या वर्गांसाठीही पालक, शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसतील अशी समिती कायद्याने सक्तीची करावी, तिच्यात प्रत्येक इयत्तेचे दोन विद्यार्थी मुलांनीच निवडलेले असावेत, आणि आणीबाणीच्या काळात शाळेविषयीचा कोणताही आदेश काढण्यापूर्वी वॉर्ड पातळीवर अशा समित्यांचे म्हणणे मागवण्याचे बंधन शिक्षण विभागावर असावे, असे मला वाटते. त्याचबरोबर सुतार, नळ दुरुस्ती, सफाई यांसाठी शाळेला वेळेवर वेतनेतर अनुदान मिळाले पाहिजे, नाहीतर समिती ठराव करत राहील आणि खिडकी तशीच बंद राहील.

कायदा होईपर्यंत थांबायचे नाही, असे आम्ही आमच्यापुरते ठरवले. मागच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात प्रत्येक वर्गाच्या दोन मुलांना आम्ही एक कोरा कागद दिला आणि आपल्या वर्गाची, जिन्याची आणि शौचालयाची स्थिती लिहून आणायला सांगितली. आठवी ‘अ’ च्या कागदावर, म्हणजे त्याच चार खिडक्यांच्या वर्गाच्या कागदावर, एका मुलीने बारीक अक्षरात लिहिले होते : “खिडक्या चार. उघडतात दोन. तिसरी रंगाने चिकटली आहे, चौथीला काच नाही म्हणून पुठ्ठा लावला आहे. पावसात पुठ्ठा भिजतो. पंखे तीन, चालू दोन. मुले छप्पन्न.” खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. तो कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचला गेला, इतिवृत्ताला जोडला गेला आणि पुढच्या आठवड्यात सुतार येऊन तिसरी खिडकी मोकळी करून गेला. चौथीची काच अजून बसवायची आहे. तिचे अंदाजपत्रक मुलांनीच जवळच्या दुकानातून आणून दिले आहे.